घराची डागडुजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी दोन घरं. एक चिपळूण तालुक्यातलं वडिलोपार्जित, जांभ्याच्या भिंतींचं कौलारू घर. दुसरं पुण्यात, चार मजली सोसायटीत, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. दोन्हीकडची डागडुजी गेली वीस वर्षं मीच बघते. शेजारीपाजारी, नातेवाईक, माहेरची माणसं सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. बरेचसे प्रश्न पाण्याचे आहेत, कारण आपल्याकडे घर मुख्यतः पाण्यानेच खराब होतं: वरून आलेल्या, जमिनीतून चढलेल्या, नाहीतर नळातून झिरपलेल्या.

वर्षातून एकदाच वेळ काढता येत असेल तर तो कधी काढावा?

होळी झाली की. मेच्या अखेरीस नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात, पण वळीव त्याच्या कितीतरी आधी झोडपून जातो. गच्चीचं काम उकरायचं, कोबा घालायचा, आठवडाभर त्यावर पाणी मारायचं, मग पाणी कोंडून तपासायचं, यात तीन आठवडे सहज जातात. तेवढे दिवस जूनच्या सुरुवातीपासून मागे मोजा. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या गावाला एकदम छप्पर आठवतं आणि चांगला मिस्त्री हाताला लागत नाही.

माझा क्रम असा: मार्चमध्ये पाहणी, एप्रिलमध्ये काम, मेमध्ये घरावर आलेल्या फांद्या, पन्हळी आणि गटारं. दुसरी छोटी पाहणी नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरता ओसरता. ओल कुठून आली त्याच्या खुणा तेव्हाच ताज्या असतात. डिसेंबरात भिंत वाळली की काही कळत नाही, आणि दिवाळीचा रंग त्यावर बसला की मुळीच नाही.

गच्चीवर जाऊन नेमकं काय बघायचं?

खराटा, पाण्याचा पाइप आणि खडू घेऊन जा. आधी गच्ची झाडून काढा. मग उताराच्या वरच्या टोकाला पाणी सोडा आणि ते कुठे कुठे जातं ते उभं राहून बघा. गच्चीला दहा फुटांमागे साधारण सव्वा इंच उतार हवा. तासाभराने जिथे डबकं उरलं असेल त्याच्याभोवती खडूने रेघ ओढा. तिथला उतार बसला आहे.

नंतर कठड्याच्या कडेकडेने चाला. गच्ची आणि कठडा जिथे भेटतात तिथे गवंडी सिमेंटचा गोलवा काढतात, त्याला वाटा म्हणतात. माझ्या अनुभवात पाणी मधल्या सपाट भागातून क्वचित शिरतं. ते शिरतं वाट्याच्या भेगेतून, पाइप स्लॅबमधून उतरतो तिथल्या कडेतून, नाहीतर कुणीतरी डिश अँटेना बसवताना पाडलेल्या भोकातून. हातात एखादं मोठं नाणं घेऊन वाटा आणि फरशी ठिकठिकाणी वाजवा. भरीव असेल तर टणक आवाज येतो. पोकळ झाली असेल तर मडकं वाजवल्यासारखा येतो, तिथेही खडू.

आणि पाणी जायची तोंडं. हे मी जरा जास्तच आग्रहाने सांगते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी जुलैत, रात्री दोनच्या सुमारास आमच्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायला लागलं. त्या खोलीची वीज बंद करून गच्चीवर गेले तर घोट्याच्या वर पाणी. दोन तोंडांपैकी एकावर कबुतराच्या घरट्याच्या काड्या आणि शेवग्याचा पाला यांचा गच्च लगदा बसला होता. दुसऱ्यात दुधाची रिकामी पिशवी अडकली होती. अंधारात खांद्यापर्यंत हात घालून ती पिशवी ओढली तेव्हा पाइपाने असा मोठा घोट घेतला की खालच्या मजल्यावरचे जागे झाले. अर्ध्या तासात गच्ची मोकळी झाली, पण स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी पुढे नवरात्रापर्यंत उतरत राहिलं. चार इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो वजन. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर ते पाच टन होतं. हा आकडा डोक्यात ठेवा.

तेव्हापासून आमच्या तोंडांवर घुमटासारख्या उंच जाळ्या आहेत. सपाट जाळी एका मोठ्या पानाने बंद होते. घुमटाच्या जाळीला खाली पाला साचला तरी वरून पाणी जातं. पावसाळ्यात दर रविवारी कुणीतरी वर जाऊन ती साफ करायची, एवढंच काम.

छताला डाग एका ठिकाणी आहे, पण वर तिथे काहीच दिसत नाही. असं कसं?

पाणी सरळ खाली येत नाही. ते सळईच्या किंवा विजेच्या पाइपाच्या कडेने दहा-बारा फूट सरकतं आणि वाट मिळेल तिथे उतरतं. म्हणून डागाच्या बरोबर वर सिमेंट थापून उपयोग होत नाही.

गच्चीचे भाग पाडा. एका भागाला मातीचा बांध घालून त्यात दोन इंच पाणी दोन दिवस कोंडा आणि खाली बघत राहा. डाग वाढला नाही तर पुढचा भाग घ्या. आठवडा मोडतो, पण सात-आठ फूट वाटा दुरुस्त करायचा की अख्खी गच्ची उकरायची हे त्यातून कळतं, आणि या दोन्हींच्या खर्चात फार मोठं अंतर आहे. एकही तपासणी न करता पूर्ण गच्चीचा दर सांगणाऱ्या कंत्राटदाराला मी परत पाठवते. मात्र इमारत जुनी असेल, खालून सळया उघड्या पडल्या असतील, तर पाणी कोंडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

एक साधी खूण: भर उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल तर ती पावसाची गळती नाहीच. वरची टाकी किंवा नळाची लाइन तपासा.

मंगलोरी कौलांचं घर दरवर्षी शाकारावं लागतं का?

नाही. दरवर्षीची शाकारणी, म्हणजे छप्पर उतरवून पुन्हा रचणं, ही नळ्याच्या, म्हणजे अर्धगोल देशी कौलांच्या, छपराची गरज होती. नळे एकावर एक नुसते ठेवलेले असत, वाऱ्याने आणि मांजराच्या पावलानेही सरकत. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये कारखाना काढून खाचेची कौलं बनवायला सुरुवात केली, ती समुद्रमार्गे कोकणात आली आणि शाकारणीचा मोठा खटाटोप कमी झाला. खाचेत खाच बसते, त्यामुळे कौल जागचं हलत नाही.

पण बघावं मात्र दरवर्षी लागतं. आता तर माकडांमुळे अधिकच. एक टोळी आंब्यावरून छपरावर उतरली की पाच-दहा कौलं सरकवून किंवा फोडून जाते.

बघायची रीत मला माझ्या सासूबाईंनी शिकवली. भर दुपारी माळ्यावर जायचं, खालची दारंखिडक्या कुणालातरी लावायला सांगायच्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. मग जिथे जिथे कौल फुटलंय, सरकलंय, तिथून उन्हाची काडी आत येते. धुळीत ती अगदी स्पष्ट दिसते. त्या काडीच्या टोकाशी, रिपेवर, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्टीवर, खडूने फुली मारायची. वरून शोधायला गेलात तर अर्धा दिवस जातो आणि चालताना आणखी चार कौलं फुटतात. खालून पंधरा मिनिटांत सगळी सापडतात, आणि नवं कौलही पुष्कळदा माळ्यावरूनच सरकवून बसवता येतं.

त्याच वेळी वासे आणि रिपा बघून घ्या. जाड सुईने किंवा स्क्रूड्रायव्हरने टोचा. लाकूड टणक लागलं तर ठीक, लोण्यासारखं आत गेलं तर तो तुकडा बदला. वाशाचं भिंतीत शिरलेलं टोक आधी कुजतं, तिथे जरूर टोचा. छपराची दोन पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, आतल्या कोनात मिळतात तिथल्या पत्र्यावरचा पाला काढा. आमच्याकडे गळती होते ती बहुतेक तिथेच.

पन्नासेक जुनी कौलं पडवीच्या मागे रचून ठेवा. कारखान्या-कारखान्याच्या खाचा वेगळ्या असतात. नवं कौल जुन्यात बसेलच असं नाही, आणि बळेच बसवलेल्या कौलाच्या फटीतून झड आत येते. कुणाचं जुनं घर पाडताहेत असं कळलं की मी कौलांच्या पाठीवरचं नाव बघायला जाते.

छपरावर स्वतः चढायची हौस नको. माहितगार माणूस बोलवा, वाशांवर फळी टाकून त्याला काम करू द्या, कमरेला दोर असू द्या. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर कुणालाच चढवू नका, काम कितीही तातडीचं असलं तरी. पाऊस लागल्यावर गळायला लागलं तर आतून ताडपत्रीचा तुकडा तिरका बांधून पाणी बादलीत घ्यावं आणि उघडीप मिळेपर्यंत थांबावं.

गावचं घर गणपती ते शिमगा बंदच असतं. काय काळजी घ्यावी?

बंद घर वापरातल्या घरापेक्षा लवकर खराब होतं, हे मुंबईकरांना सांगून पटत नाही. पूर्वी रोज चूल पेटायची. धूर माळ्यापर्यंत जायचा, वासे काळे आणि कोरडे राहायचे, किडा लागत नसे. आता गॅस आहे, आणि तोही बंद. तेव्हा धुराचं काम दुसऱ्या कशाने तरी करावं लागतं. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची आपली जुनी पद्धत उत्तम आहे, पण ते तेल कातडी भाजतं. हातमोजे घालून, अंग झाकूनच लावायचं, आणि लहान मुलांना त्या दिवशी लांब ठेवायचं.

कुलूप लावण्याआधी मेन स्विच बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावलेली. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार दोन बोटं उघडं ठेवायचं. मध्ये लाकडाचा तुकडा लावला की मिटत नाही. गाद्या जमिनीवर नकोत, कपाटातही भिंतीला टेकवून नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किल्ली. वाडीतल्या एखाद्या माणसाकडे ती असू द्या आणि पंधरा दिवसांतून एकदा, उन्हाच्या दिवशी, दारंखिडक्या तीन-चार तास उघडायला सांगा. याचे पैसे ठरवून, वेळेवर द्या. शेजारधर्म म्हणून फुकट सांगितलेलं काम दोन महिन्यांत मागे पडतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

अंगणातल्या लाकडांच्या आणि कौलांच्या चळती भिंतीपासून चार हात लांब. त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. गवत काढायला माणूस गणपतीच्या आदल्या दिवशी शोधू नका, तेव्हा सगळे तोच शोधत असतात.

वाळवी जिवंत आहे की जुनी, कसं ओळखायचं?

भिंतीवर किंवा चौकटीवर मातीची नळी दिसली तर मधला दोन इंच तुकडा खरवडून काढा आणि शेजारी तारीख लिहा. चार दिवसांनी नळी पुन्हा जोडलेली दिसली तर वसाहत जिवंत आहे. पहिल्या पावसानंतर खिडकीत पंखांचा खच पडला असेल तर तीही खूण.

रॉकेल ओतून दिसतात तेवढ्याच मरतात. राणी जमिनीत असते. कायमचा उपाय म्हणजे भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फूटभर अंतरावर बारीक भोकं पाडून आत औषध भरणं. ते काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, आणि आवारात विहीर असेल तर आधीच सांगा. तुमच्या हातात आहे ते एवढं: लाकूड मातीला टेकू न देणं आणि पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर साठवू न देणं.

भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे निघतात. दर दिवाळीला रंग देतो तरी पुन्हा तेच. काय चुकतं?

रंग चुकत नाही, क्रम चुकतो. ओल कुठून येते ते आधी ठरवा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल आणि त्यावर पांढरी पूड दिसत असेल तर तो लोणा. पाणी जमिनीतून वर चढतं, क्षार सोबत आणतं आणि वाळताना ते बाहेर टाकतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर छज्जा आणि चौकटीची फट बघा. बाथरूमच्या मागच्या भिंतीला असेल तर नळाची लाइन. पश्चिमेच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत असेल तर बाहेरचं प्लास्टर भेगाळलंय आणि झड आत येते आहे.

कारण दूर करा, पोपडे खरवडा, आणि मग भिंत वाळू द्या. इथेच सगळे घाई करतात. चार बोटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. आत वाफ धरलेली दिसली तर अजून थांबायचं. भिंत वाळायला महिना-दोन महिने लागू शकतात. तोवर पाहुण्यांना पोपडे दिसले तरी चालतील. लोणा लागलेल्या भिंतीवर तेलरंग किंवा टाइल्स लावल्या की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते, तेव्हा ते मुळीच करू नका.

तडा गेलाय. घाबरायचं का?

प्लास्टरवरचे केसासारखे, जाळीसारखे तडे बहुधा नुसते प्लास्टरचे असतात. वीट आणि काँक्रीटचा खांब भेटतात तिथली सरळ उभी रेघही नेहमीची आहे. दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळे फुगतात.

काळजीचे तडे तीन. खांब किंवा तुळईवर सळईच्या रेषेत गेलेला, बाजूला गंजाचा तपकिरी ओघळ असलेला. भिंतीत जिन्यासारखा तिरपा चढत गेलेला. आणि वाढणारा. वाढतो का ते कळण्यासाठी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, आणि मध्ये काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. भिंत हलली तर काच तडकते. तडकली, की फोन मिस्त्रीला नाही, इंजिनिअरला. सळई गंजल्यावर तिचं आकारमान वाढतं आणि ती आतून काँक्रीट फोडते. वरून लिंपून ते थांबत नाही. समुद्राजवळच्या इमारतींत हे लवकर होतं.

वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतं. खर्च कुणाचा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती ही सोसायटीची जबाबदारी. सदनिकेच्या आतल्या नळामुळे, सिंकमुळे, बाथरूमच्या जमिनीमुळे होणारी गळती त्या सदस्याची. म्हणजे शेवटच्या मजल्यावर गच्ची गळली तर दुरुस्ती सोसायटीने करायची, त्या सदस्याने नाही. आमच्या सोसायटीत हे मान्य व्हायला दोन सर्वसाधारण सभा लागल्या.

भांडण्याआधी कारण नक्की करा. वरच्यांना विनंती करून बाथरूमच्या जाळीला बोळा लावून दोन इंच पाणी रात्रभर ठेवायला सांगा. डाग वाढला तर जमीन गळते. तसाच राहिला तर पाइप. सोबत एकदा त्यांना आपल्याकडचं छत दाखवायला बोलवा, चहा करा. डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

याच उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणीही आहे: १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ५ वर्षांतून एकदा, ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा. तुमच्या सोसायटीत शेवटचं कधी झालं, ते येत्या सभेत विचारा.

नवीन फ्लॅट पहिल्याच पावसात गळला. स्वतःच दुरुस्त करून घेऊ का?

आधी बिल्डरला लेखी कळवा. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तारखेसह फोटो काढा, ईमेल आणि पोचपावतीचं पत्र दोन्ही पाठवा. आधीच स्वतः तोडफोड केलीत तर दोष कुणाचा यावरून वाद होतो.

पाण्याची टाकी किती दिवसांनी धुवायची?

वर्षातून दोनदा: पावसाळ्याआधी आणि नंतर. नुसतं पाणी बदलून चालत नाही, भिंती ब्रशने घासायच्या. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा करायचा. टाकीचं झाकण घट्ट बसायला हवं, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी. ती जाळी नव्वद टक्के घरांत नसते असं म्हणायचा मोह होतो, पण तुम्ही तुमच्या घरचीच आधी बघा.

जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नका, कुणाला उतरवूही नका. झाकणं बराच वेळ उघडी ठेवा, वर एक माणूस उभा ठेवा, आणि ब्लीचिंग पावडर टाकल्यावर आत कुणी थांबता कामा नये.

मोरीतून वास येतो, झुरळं येतात.

न वापरलेल्या बाथरूममध्ये हे हमखास होतं. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं आणि तेच वास अडवतं. ते सुकलं की वाट मोकळी. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता.

फ्लशची टाकी गळते का, कसं कळेल?

टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर बदला. काम दहा मिनिटांचं आहे.

विजेचं घरच्या घरी काय तपासता येतं?

बोर्डात एक स्विच इतरांपेक्षा रुंद असतो, त्यावर छोटं बटण असतं. ते आरसीसीबी. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जायला लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा हवा. नुसती एमसीबी हे काम करत नाही. ती जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी आहे. महिन्यातून एकदा बटण दाबा. खट्‌कन पडला पाहिजे. पडला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन. जुन्या घरात तो नसेलच, तर नवा सोफा घेण्याआधी तो बसवा. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण गिझर, वॉशिंग मशीन आणि ओले पाय एकाच खोलीत असतात.

गावच्या घरी अर्थिंगचा खड्डा असतो, मीठ-कोळशाचा. उन्हाळ्यात तो सुकतो आणि अर्थिंग कमजोर होतं. एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत जा. सॉकेट तपकिरी पडलं असेल, प्लग काढताना गरम लागत असेल, तर आत तार सैल आहे.

गॅसची नळी कधी बदलावी?

पाच वर्षांनी, चांगली दिसत असली तरी. नळीवर तारीख छापलेली असते. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून कधीही बघू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर खिडकीबरोबर दारही उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका. मग घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर घेऊ नका.

पावसाळ्यात दारं फुगून बसत नाहीत. रंधा मारून घेऊ?

जुलैत नको. हिवाळ्यात लाकूड आकसलं की बोटभर फट पडेल. तोवर कडांना मेणबत्ती घासा. दार मार्चमध्ये बघा, आणि वरची व खालची कड, जिथे सुतार रंग लावायला विसरतो, तिथे रंग द्या. पाणी तिथूनच पितं ते.

सेप्टिक टँक भरेपर्यंत थांबायचं का?

नाही. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसून घ्या, तुंबण्याची वाट बघू नका. काम मैला उपसणाऱ्या गाडीनेच करायचं. माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणसं दगावतात. कमी पैशात आत उतरायला कुणी तयार झालं तरी नाही म्हणा.

गच्चीच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलंय. लोक म्हणतात तोडू नये.

दोन पानांचं असताना मुळासकट अलगद काढा आणि ओढ्याकाठी, देवळाच्या आवारात, जिथे त्याला वाढायला जागा आहे तिथे लावा. मीही तेच करते. वर्षभर ठेवलंत तर मूळ भिंतीत शिरतं आणि मग नुसतं वरचं कापून ते पुन्हा फुटतं. रोप काढल्यावर भेग त्याच दिवशी बुजवा.

या सगळ्याची नोंद कशी ठेवावी?

दोनशे पानी वही, स्वयंपाकघराच्या खणात. मोबाइलमध्ये नको, कारण घर सगळ्यांचं असतं. पहिल्या पानावर पाण्याचा मुख्य कॉक, मेन स्विच आणि गॅसचा कॉक कुठे आहे त्याचं चित्र. पुढे तारीख, काम, कुणी केलं, किती पैसे, आणि रंगाचा शेड नंबर. शेवटच्या पानांवर नळवाले, इलेक्ट्रिशियन, सुतार यांचे फोन. माझ्या वहीत गेल्या जूनमधली नोंद अशी आहे: "उत्तरेचा वाटा, सहा फूट, दुरुस्त. २४ तारखेचा मोठा पाऊस, आत कोरडं. पंख्याचा हुक बघितला, कोरडा. पुढच्या मार्चला पश्चिमेचा कोपरा वाजवून बघणे."